अजून न निघालेलं औषध

बाज सैल पडली होती. बसलं की बूड जमिनीला टेकायचं. संक्रांतीला बोरीहून लेक येणार होती, म्हणून बायको म्हणाली, आज आवळूनच टाकू. चरकाचा पट्टा तुटल्यामुळं त्या दिवशी गुऱ्हाळ बंद होतं, मी घरी होतो. नाहीतर हिवाळ्यात मला घर दिसत नसे.

एका अंगाला ती, एका अंगाला मी. बाजेच्या माचव्याला पाय लावून सुतळी ओढायची, तिनं तिकडून धरून ठेवायची, मग पुढचा वेढा. बाज आवळायला दोनच माणसं लागतात, तिसरं नुसतं मधी येतं.

"ओढा की जरा. जल्मभर गूळ घोटला अन् एक सुतळी ओढंना तुमाला."

"मी ओढायलोय. तूच तिकडून सोडायलीस."

"माझ्या हातात कूस गेलंय. बोट मिटंना."

"दाव."

"काय दाव? कुसाला काय बघायचं. ओढा."

ऊस चरकातून काढला की मागं चिपाड उरतं. ते वाळवून जाळायला लागतं, आणि वाळवायचं काम तिच्याकडं होतं. चिपाडाचं बारीक कूस हातात जाणं म्हणजे आमच्यात रोजचंच. मी बघितलं नाही. बाज आवळून झाली, तिनं वर बसून दोनदा दाबून बघितली आणि म्हणाली, "आता कशी, नवरीवाणी झाली." मग भाकरी टाकायला गेली. एवढंच. ते आमचं दोघांचं शेवटचं धड काम. तेव्हा ठाऊक असतं तर अजून चार वेढे जास्त घातले असते.

मी गुळव्या. चौथी शिकलेलो, तीही अर्धी. गंगाखेडच्या अलीकडं गोदावरीच्या काठाला आमचं गाव, तिथल्या मळ्यांत हिवाळ्यात गुऱ्हाळं चालायची, आणि चुलवाणाचा जाळ किती ठेवायचा, काहीलीतला पाक कधी उतरवायचा, हे ठरवणारा मी. दुसऱ्यानं ठरवलेलं मला चालत नसे. शेतकी खात्याच्या माणसांनी एकदा गरमी मोजायची काचेची नळी आणून दिली. मी ती खिळ्याला टांगून ठेवली. बोट पाण्यात बुडवायचं, पाकात घालायचं, परत पाण्यात. गोळी वळली की काहील उतरवायची. बायको चारचौघांत म्हणायची, "ह्यांच्या हाताला डिगरी हाय, बाकी सगळं अंगठाछाप." लोक हसायचे. मला राग यायचा नाही. खरंच वाटायचं मला, की हाताला डिगरी आहे.

दुसऱ्या दिवशी तिचा तळहात फुगला. पट्टा जोडून आला होता, मी गुऱ्हाळावर होतो. शेजारणीनं बिब्बा तापवून चटका दिला, वर हळद बांधली. तिसऱ्या दिवशी ताप भरला. अंगात हुडहुडी, दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तांबडी रेघ आली होती, कुणी कुंकवानं ओढावी तशी. मी म्हणालो, उद्या गंगाखेडला दाखवू. ती म्हणाली, उद्या कशाला, आज ऊस तोडून पडलाय तुमचा, तो वाळंल. तिचंही खरं होतं. तोडलेला ऊस थांबत नाही. ठेवला की आपली साखर आपणच खातो, मग त्याचा गूळ धरत नाही, नुसता चिकट गारा होतो. मी ऊस बघायला गेलो.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला घरी आलो तर दारात जीप उभी. गुरुजी आले होते. गुरुजी म्हणजे आमच्या गावातल्या शाळेतले मास्तर, बौद्ध वस्तीत राहायचे. त्यांची आई आणि माझी बायको एकाच बांधावर निंदायला जायच्या, तंबाखू एकाच डबीतली खायच्या. त्या म्हातारीनं दुपारी येऊन बघितलं आणि लेकाला सडकेवर पिटाळलं. विद्यापीठाचं नाव बदलणार बदलणार अशी हवा होती ते दिवस. गावात नाव बदला म्हणणारी वस्ती आणि नको म्हणणारी आमची आळी, दोन्ही अंगांची माणसं एकमेकांशी तोलून मापून बोलायची. गाड्या कधी बंद होतील नेम नव्हता. तरी ह्या माणसानं सडकेवर उभं राहून जीप धरून आणली होती.

"दादा, वहिनीला परभणीला घेऊन चला. आता निघालो तर दोन घंट्यांत पोचू."

मी आत गेलो. तिच्या कपाळाला हात लावला. गार. गालाला लावला. गार. हात गार, पाय गार. सकाळी ज्या अंगावर भाकरी भाजावी ते अंग गार पडलेलं. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, जिंकलो. बाहेर येऊन हसलोच मी.

"गुरुजी, ताप उतरला. बघा की, पार गार हाय."

"उतरला तरी दाखवून आणू, दादा. हात लय सुजलाय. मला त्यांचा श्वासबी बरा वाटंना."

"आवो, जाळ उतरलेला मला कळत न्हाई का? जल्म गेला माझा जाळापुढं."

आतून ती म्हणाली, "कालवडीला पाणी पाजलं का ओ?"

कालवड दोन वर्षांमागं विकली होती. मी म्हणालो, "झोपीत हाय. झोपू द्या. सकाळी बघू."

जीपवाला स्टेअरिंगवर डोकं टेकवून बसला होता. तो वैतागला. "मंग मला कशाला आणलं हो मास्तर? आरती करायला?" गुरुजींनी त्याला हातानं गप केलं आणि मला म्हणाले, "बघा दादा. तुमची मर्जी." जीप गेली.

ह्यावर लोक नंतर एक बोलले, की गुरुजींच्या जातीमुळं मी जीप परत धाडली, आणि त्याचंही उत्तर देऊन टाकतो. त्या दिवसांत गुरुजींसंगं एका जीपमधी बसून गावातून जायचं, आमच्या आळीतल्या लोकांनी बघायचं, हे माझ्या मनात आलंच नाही असं म्हणलो तर खोटं होईल. आलं. माशी बसून उडावी तसं आलं. पण जीप त्याच्यामुळं परत गेली नाही. जीप माझ्या हाताच्या घमेंडीमुळं परत गेली. कोणतं जास्त लाजेचं ते तुम्ही ठरवा.

सकाळी तिची बोटं निळी होती. पायांवर जांभळ्या जाळीसारखे डाग. श्वास भात्यासारखा, वरच्या वर. हाक मारली तर माझ्याकडं बघितलं, पण मला बघितलं नाही. बैलगाडीत बाजेसकट घातली, सडकेला आणली. एसटी आली, कंडक्टरनं मागचं बाकडं रिकामं करून दिलं. परभणी येईपर्यंत मी तिचे तळवे चोळत होतो. गरम होत नव्हते.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीण होती, वयानं माझ्या लेकीएवढी. तिनं दंडाला पट्टा बांधून हवा भरली, सोडली. परत भरली, सोडली. तिसऱ्यांदा भरताना तिचं तोंड बदललं. मग धावपळ. दोन्ही हातांना सलाईन, सुया, ऑक्सिजन. मला बाहेर काढलं. सुजलेला हात कापून पू काढला म्हणाले. दुपारी उन्हं खिडकीतून निघून गेली तेव्हा ती गेली.

कागदं व्हायला वेळ होता. मी बाकड्यावर बसलो होतो. डॉक्टरीण बाहेर येऊन शेजारी बसली. उभी राहून बोलली असती तर मी काही विचारलं नसतं.

"बाई, ताप तर उतरला होता. मंग मेली कशी?"

"ताप उतरला हे कोणी बघितलं, बाबा?"

"मी. हात लावून."

"बरोबर बघितलं तुम्ही. थर्मामीटर लावला असता तरी तेच दिसलं असतं. पण तो बरा होऊन उतरलेला ताप नव्हता. अंगातली ताकद संपली म्हणून त्या गार पडल्या."

मला ते कळलं, आणि लय वाईट कळलं. चुलवाणाचा जाळ दोन कारणांनी उतरतो. एक, आधण झालं, म्हणून आपण जळण थांबवतो. दुसरं, चिपाड कोंबून कोंबून तोंड बुजलं की जाळ आतल्या आत घुसमटतो. तेव्हाही काहील गार पडायला लागते. नवा माणूस म्हणतो, जाळ बेतात आला. जुना गुळव्या धुराकडं बघतो. धूर काळा असला की समजायचं, जाळ कोंडला. मी जुना गुळव्या. मी धूर बघितला नाही. तिचा श्वास चढला होता, ती विकलेल्या कालवडीला पाणी मागत होती, गुरुजी दारात उभं राहून तेच सांगत होते. हात चुकला नव्हता. मी चुकलो होतो.

"एवढ्याशा कुसानं?" मी म्हणालो.

"कुसाबरोबर जंतू आत गेले. हातातून रक्तात गेले. पण खरं सांगू का, जंतूंनी केलं त्याहून जास्त त्यांच्याच अंगानं केलं." तिनं डोळे चोळले. तीही थकलेली दिसत होती. "आपल्या अंगात एन्झाइम म्हणून असतात. हे मोडायचं, ते बनवायचं, अशी कामं करतात. त्यातलं एक असं आहे, रक्तात विष आलं की ते खवळतं. एक वायू तयार करायला लागतं. थोडा वायू चांगला असतो, त्यानं रक्ताच्या नळ्या मोकळ्या राहतात. पण ते थांबतच नाही. मग सगळ्या नळ्या सैल पडतात. रक्त असतं, पण त्याला दाब नसतो. बोटाला पोचत नाही, किडनीला नाही, मेंदूला नाही."

मला आमची बाज दिसली. सुतळी तेवढीच असते, एकही तुटलेली नसते, पण सैल पडली की माणूस जमिनीला टेकतो.

"उसात असंच असतं," मी म्हणालो. "तोडला की आपली साखर आपणच खातो. बाहेरून कोणी येत न्हाई खायला."

ती वळून बघायला लागली. "तुम्ही काय करता, बाबा?"

"गुळव्या हाय."

"मग तुम्ही उसाला काय करता?"

"थांबू देत न्हाई. रस निघाला की लगेच जाळावर. गरमीनं त्याचं ते खाणं बंद पडतं. वरून चुना घालायचा, बेतानं. म्हणजे रस आंबट होत न्हाई. मंग हिचं ते खवळलेलं काय तुमी म्हणलाव, ते कामून बंद करत न्हाईत?"

"करून बघतायत. बाहेरच्या देशांत. त्या एन्झाइमला अडवून धरणारं औषध. मी वाचलंय, अगदी थोड्या पेशंटना दिलंय आणि त्यांचा दाब वर आला."

"मंग?"

"दाब वर आला म्हणजे माणूस वाचला असं होत नाही. ते एन्झाइम सगळंच वाईट करत नाही ना. पूर्ण अडवलं तर ज्या नळ्या उघड्या राहायला पाहिजेत त्याही आवळल्या जातील, हृदयावर ताण येईल. किती अडवायचं, कोणाचं अडवायचं, कधी, हे अजून कोणालाच माहीत नाही."

"चुना जास्त झाला की गूळ काळा पडतो."

"हां," ती म्हणाली. "तसंच." एवढ्या वेळात ती पहिल्यांदा हसली आणि लगेच हसू आवरलं, आत माझी बायको निजलेली होती म्हणून.

"म्हंजे त्याचं औषध न्हाई."

"अजून निघालेलंच नाही, बाबा."

इथं मी उठायला पाहिजे होतं. नाही उठलो. विचारलं, "अन् काल दिवेलागणीला आणली असती तर?"

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, नशीब बाबा, देवाची मर्जी. ही म्हणाली, "सलाईन सुरू केलं असतं, इंजेक्शनं दिली असती, हात कालच कापला असता. वाचल्याच असत्या असं मी सांगू शकत नाही. पण काल संध्याकाळी माझ्या हातात बरंच काही होतं. आज सकाळी काही नव्हतं."

पुढं बऱ्याच वर्षांनी मी दोन-तीन डॉक्टरांना त्या औषधाचं विचारलं. एकाला ठाऊकच नव्हतं. दुसरा म्हणाला, त्यानं दाब चढायचा पण माणसं उलट जास्त दगावायला लागली, म्हणून सोडून दिलं म्हणे. त्या पोरीला हे त्या बाकड्यावर बसूनच उमगलं होतं. मी का विचारत फिरलो? औषध निघालं असं कोणी म्हणावं अशी आशा होती का निघालं नाही असं म्हणावं अशी? थकला की माणूस एकच दार पुन्हा पुन्हा वाजवतो.

तर डॉक्टरणीनं मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, औषध निघालेलंच नाही. दुसरी, काल संध्याकाळी बरंच काही होतं. टेंपोत बायकोच्या उशाशी बसून गावाकडं येताना दोन्ही माझ्यापाशी होत्या. गावात उतरलो तेव्हा एकच उतरवली.

लेक बोरीहून येऊन दारात बसली होती. ती गळ्यात पडली. "बाबा, असं कसं झालं ओ? चार दिवसांत?"

मी म्हणालो, "त्याचं औषधच अजून निघालं न्हाई बाई. बाहेरच्या देशांत शोधायलेत. डॉक्टरीण सोता म्हणली."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. लेकीनं डोळे पुसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मंग तुमी तरी काय करणार होताव, बाबा." नदीवर नेताना तेच सगळ्यांत फिरलं. औषधच नव्हतं म्हणे. विलायतेत पण नाही म्हणे. लोक माझ्याकडं बघून माना हलवायचे, तकदीर म्हणायचे. सरपणाच्या ढिगापाशी गुरुजी उभे होते, थोडे बाजूला. त्यांच्याही कानावर गेलंच असणार. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

चूल पेटवायची नव्हती. शेजाऱ्यांनी भाकरी-पिठलं आणून दिलं. लेक रडत रडत येणाऱ्या बायकांना सांगत होती, "आमच्या आईच्या दुखण्याचं औषधच न्हाई जगात." दर नव्या बाईला तेच, आणि दर वेळी तिला जरासं बरं वाटत असावं. मीही भिंतीला टेकून ऐकत होतो. मलाही बरं वाटत होतं. म्हणूनच ते लय घाण वाटायला लागलं.

सकाळी उठलो. सुतकात कोणाच्या घरी जाऊ नये. आंघोळही न करता वस्तीत गेलो. गुरुजी अंगणात आरसा खिळ्याला अडकवून दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण. त्यांची आई चुलीपुढं होती. मला बघून तिनं पदर डोळ्याला लावला.

"बसा, दादा," गुरुजी म्हणाले.

मी बसलो नाही. "गुरुजी, औषध निघालं न्हाई हे खरं हाय. पण डॉक्टरीण आणखी बोलली. परवा रातच्याला आणली असती तर सलाईन होतं, इंजेक्शन होतं, हात कापता आला असता म्हणली. वाचलीच असती असं न्हाई म्हणली. पण होतं म्हणली."

त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"तुमी जीप आणली होती. मी परत धाडली."

"हो," गुरुजी म्हणाले. "परत धाडलीत."

त्यांनी त्याच्यावर फुंकर घातली नाही. जाऊ द्या म्हणाले नाहीत. माझं मलाच बरं वाटलं त्याचं. म्हातारी चुलीपुढून बोलली, "ती काय म्हणली असती ठाव हाय का रे तुला? डिगरी फेल झाली म्हणली असती." आणि ती रडायला लागली. मला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं. तिथं, त्यांच्या अंगणात, उभ्या उभ्या.

चहा दिला तो घेतला. कप खाली ठेवला आणि म्हणालो, "गुरुजी, लेकीला सांगायचंय. ती सगळ्या गावाला भलतंच सांगायलीय, माझ्यावरून. तुमी संगं चला. मी अर्धं सांगून थांबलो तर उरलेलं तुमी सांगा."

त्यांनी उरलेल्या गालाची दाढी तशीच सोडली, तोंड पुसलं, पायात चप्पल घातली. आम्ही दोघं गावातून चालत आलो. आमच्या आळीतली माणसं दारात उभी होती, बघत होती. लेक उंबऱ्याला टेकून बसली होती. गुरुजींकडं आणि माझ्याकडं बघून ती उठायला लागली.

"बस," मी म्हणालो, आणि तिच्यापुढं भुईवर बसलो. "परवा दिवेलागणीला आपल्या दारात जीप आली होती."